रिकामे घर

"काकू, मी आहे. शाळेतली बाई. दार उघडा ना."

आत नळ चालू होता. बाईने पुन्हा कडी वाजवली तसा तो बंद झाला. एक मूल रडायला लागले आणि रडणे अर्ध्यातच तुटले. कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला असावा. उंबऱ्यापाशी चपला होत्या, त्यातली एक अजून ओली होती. बाई थोडा वेळ दाराला कान लावून उभी राहिली. पलीकडेही कुणीतरी तसेच उभे होते. मधे फळीभर लाकूड, आणि दोघांचेही श्वास रोखलेले.

जनगणनेचा नियम असा होता की दोनतीन फेऱ्या मारूनही दार उघडले नाही, तर खडूने 'रिकामे' लिहायचे आणि पुढे जायचे. या दाराशी तिची ही शेवटची फेरी होती. तिने लिहिले. शाळेत फळ्यावर लिहायची तेच वळणदार अक्षर.

काचकारखान्यामागची ही गल्ली तिची स्वतःची होती. इथेच ती वाढली, इथल्या निम्म्या पोरांना तिने पाढे शिकवले. म्हणूनच तर जनगणनेचे काम तिला इथे दिले होते. बाजारात हीच माणसे "बाई, आमचा धाकटा काय म्हणतो?" म्हणून तिचा रस्ता अडवत. पण गळ्यात गणतीचे ओळखपत्र अडकवल्यापासून गल्लीत शिरले की पुढच्या पुढच्या खिडक्या मिटत जात.

ही सगळी माणसे सीमेपलीकडून आलेली. कुणाकडे कागद होते, कुणाकडे अर्धे होते, कुणाकडे नव्हतेच. मोजायला येतात ते उचलायलाच येतात, अशी हूल गल्लीत उठली होती.

शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर म्हणाले होते, "अहो, ज्यांना मत नाही त्यांना मोजायचं तरी कशाला? बाहेरच्यांच्या डोक्यांवर विधिमंडळात जागा वाटायच्या?"

"सर, त्यांची पोरं तुमच्याच वर्गात बसतात," बाई म्हणाली. "बाकं मोजताना तुम्ही कधी विचारलंत का, कुणाच्या बापाला मत आहे ते?"

सर हसले आणि चहा ओतायला उठले. वाईट माणूस नव्हता.

कालव्याच्या या बाजूला आपला स्वतःचा प्रतिनिधी राहणार की नाही, हे या गणतीवर ठरणार होते. माणसे कमी भरली तर मतदारसंघ मोडून पलीकडच्या मोठ्या वसाहतींत वाटून टाकणार होते. सध्याचा प्रतिनिधी पूर्वी बसवर कंडक्टर होता. निवडून आल्यावरही गल्ली त्याला कंडक्टरच म्हणे, आणि सभेत गर्दी झाली की तोही सवयीने "जरा पुढे सरका" म्हणे. त्याच्यामुळे गल्लीत दवाखाना आला होता. दुसरा कुणी आला असता तर त्याला गल्ली दाखवायला सोबत माणूस द्यावा लागला असता.

गल्लीच्या टोकाला बाईच्या आईचे घर. सगळी गल्ली तिला आत्या म्हणत असे. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करण्यात तिचा जन्म गेला होता. अजूनही बोलताना ती मांडीवरच्या पदराच्या चुण्या तळव्याने सपाट करत राही. आत्या उघडेल तर गल्ली उघडेल, हे कंडक्टरलाही माहीत होते. तो दोनदा येऊन बसून गेला होता.

आईने दार उघडले, पण ओळखपत्राकडे बघून म्हणाली, "ते काढून आत ये. माझी मुलगी म्हणून ये."

बाईने ते काढून पर्समध्ये टाकले. "आई, तुला मत नाही म्हणून तू माणूस नाहीस का? गणतीत माणसं धरतात. तू एक, तुझ्यामागे अख्खी गल्ली."

"मला नको धरू कुठं."

"अगं, मीच लिहिणार आहे. परकं कोण आहे यात?"

आई बराच वेळ पदर सपाट करत राहिली. मग म्हणाली, "तिकडं, आमच्या गावी मोजायला आला तोसुद्धा परका नव्हता. गावातल्याच शाळेचा मास्तर होता. दादाला शिकवलेलं त्यानं. ओसरीवर बसला, पाणी मागितलं. बाबांनी आम्हाला ओळीत उभं केलं, मोठ्या हौसेनं. हा मोठा, हा मधला, ही पोर. मास्तरनं माझ्या डोक्यावर हात ठेवून मोजलं. मग ट्रक आले. त्यांना विचारावंच लागलं नाही. बाबा, दादा, मधला. कुठल्या घरात किती पुरुष, सगळं पाठ होतं त्यांना. मास्तर ट्रकजवळ उभा होता. रडत होता गं. पण उभा होता."

बाईने हे कधी ऐकले नव्हते. आजोबा तापाने गेले, एवढेच तिला लहानपणापासून सांगितलेले होते.

"मी तशी नाहीये, आई."

"तोही नव्हता."

बाहेर येऊन बाई दारापाशी उभी राहिली. आईचे वय, जन्मगाव, सगळे तिला तोंडपाठ होते. लिहायला क्षण लागला नसता. पण डोक्यावर हात ठेवणारा तो मास्तर डोळ्यांपुढून हलेना. तिने खडू काढला. आत आईची पावले वाजत होती. भांडे ठेवल्याचा आवाज आला. बाईने आपण जन्मलो त्या घराच्या दारावर 'रिकामे' लिहिले आणि ती मागे न बघता कालव्यावरचा पूल ओलांडून गेली.

गणतीचे आकडे यायला वर्ष गेले. नव्या हद्दींचा नकाशा शाळेच्याच भिंतीवर लागला, हरकती असतील तर सांगा म्हणून. कंडक्टर त्याच्यासमोर खूप वेळ उभा होता. आत्याला बघून तो बाजूला झाला. बोल लावायला तो तयार होता की नाही कोण जाणे, म्हणाला एवढेच, "आत्या, भीती तर मलाही वाटली होती. माझ्याही दारावर कडी वाजली तेव्हा."

आईला वाचता येत नव्हते. "आपण कुठं आहोत?" तिने मुलीला विचारले.

बाईने बोट ठेवले. कालव्याची निळी रेघ, कारखान्याचा करडा चौकोन, आणि मागे पांढरा कागद. लाल हद्द त्या पांढऱ्यातून सरळ गेली होती, गल्लीच्या बरोबर मधून.

"इथं तर काहीच नाही."

"ज्या घरांत माणसांची नोंद नाही ती दाखवत नाहीत, आई."

आईने त्या पांढऱ्या जागेवर तळवा ठेवला. चादरीवर ठेवावा तसा. "आमच्या गावाचंही असंच झालं," ती म्हणाली. "मोजलं, नेलं, आणि मग नकाशातनं पुसलं. इथं तर मोजूसुद्धा दिलं नाही मी. तरी पांढरंच?"

त्या संध्याकाळी आई हरकतीच्या सुनावणीला चला म्हणत गल्लीत दारोदार गेली. तिने कडी वाजवली की दार उघडत होते.

सुनावणी जिल्हा कचेरीच्या सभागृहात होती. अधिकारी तरुण होता, चष्मा पुसत बोलणारा, थकलेला. "तुमची अडचण कळते," तो कंडक्टरला म्हणाला, "पण त्या गल्लीत वस्तीच विरळ आहे. जवळजवळ सगळीच घरं रिकामी. प्रगणकानं स्वतः जाऊन खात्री केलेली आहे."

प्रगणक दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने मान खाली घातली.

तिच्या शेजारून आई उठली. "साहेब, मी त्या रिकाम्या घरात राहते."

कुणीतरी हसले. मग मागून एक तरुणी उठली, कडेवर मूल घेऊन. "मीपण." मग काचकारखान्यातला भट्टीवाला उठला. मग दवाखान्यासमोरचा न्हावी, त्याची सासू, तिचा हात धरून आणखी कुणी. खुर्च्या सरकल्याचा आवाज मागे दारापर्यंत गेला आणि दाराबाहेर जिन्यावर वाजत राहिला. आत जागा नव्हती म्हणून उरलेली गल्ली तिथे होती. कुणी घोषणा दिली नाही. सगळे नुसते उभे राहिले. अधिकाऱ्याने चष्मा घातला आणि एकेका चेहऱ्याकडे बघत गेला. कागदावर नाहीत ती माणसे त्याच्यासमोर उभी होती.

"नाव सांगा," तो शेवटी आईला म्हणाला.

आईने नाव सांगितले. आणि न थांबता वडिलांचे सांगितले, मोठ्या भावाचे, मधल्याचे. भावांची ती दोन्ही नावे बाईने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

"हे सगळे याच पत्त्यावर असतात का?"

"नाही," आई म्हणाली. "त्यांची एकदा गणती झालेली आहे."

अधिकाऱ्याने पेन उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. "आजी, मला दिसताय तुम्ही," तो हळू आवाजात म्हणाला. "सगळेच दिसताय. पण गणतीचा दिवस गेला. आता पुढची गणती दहा वर्षांनी." मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "मला माफ करा."

हद्द होती तशीच राहिली. निवडणुकीत गल्लीची डावी बाजू एका वसाहतीला गेली, उजवी दुसरीला, आणि दोघांपैकी एकही प्रतिनिधी पुढे कधी गल्लीत फिरकला नाही. दवाखाना आधी आठवड्यातून एकच दिवस उघडू लागला, मग त्याच्या दाराला कुलूपच दिसू लागले. कंडक्टर पुन्हा बसवर गेला.

पावसाळ्यानंतर एका दुपारी रंगारी आला. घरांवर नव्या मतदारसंघांचे नंबर टाकायचे काम त्याला मिळाले होते. डावीकडे निळा रंग, उजवीकडे पिवळा. बाई आईकडे जेवायला आलेली होती. रंगाऱ्याने आईच्या दाराजवळ डबा ठेवला आणि मागे सरून विचारले, "या गल्लीत राहतं ना कुणी? कचेरीत म्हणाले, बरीचशी रिकामी आहेत."

आई बाहेर येऊन उंबऱ्यात उभी राहिली. समोरचे दार उघडले. त्याच्या शेजारचे उघडले. माणसे बाहेर येत गेली, हातातले काम तसेच घेऊन. कुणाच्या हाताला साबण, कुणाच्या हातात वाळत घालायचे कपडे. निळ्या बाजूची आणि पिवळ्या बाजूची. गल्लीच्या टोकापर्यंत जो तो आपापल्या दारात उभा राहिला.

"अहो, मी फक्त नंबर टाकायला आलोय," रंगारी गडबडून म्हणाला.

"टाका की," आई म्हणाली.

तो वाकला आणि रंगवू लागला. ऊन तापलेले होते, पण त्याचे काम संपेपर्यंत एकही माणूस आत गेला नाही.