भाकरीचा सीन

मी सिनेमाची फीत बोलून राहिली. अख्खा सिनेमा नाही हं, त्यातून कापून काढलेला वीस-पंचवीस हातांचा तुकडा. ऐकायला लाज वाटत असेल, तर खुशाल उठून जा. मला नाही वाटत.

माझा सिनेमा 'फक्त प्रौढांसाठी'वाला. स्वस्तात उरकलेला. गोष्ट नाचणाऱ्या बायांच्या पार्टीची, म्हणजे फडाची, पण पोस्टरवर गोष्ट कुठली, नुसत्या मांड्या! पांढुर्ण्याच्या तंबू टॉकीजमध्ये माणसं तोंडाला दुपट्टा बांधून यायची, अन् आत गेल्यावर शेजारी आपलाच साडू बसलेला दिसायचा. मला सगळं दिसे. दुसऱ्याकडे डोकावायची खोड माझी पहिल्यापासूनची.

नदीवरच्या आंघोळीला शिट्ट्या पडत. मग मी यायची. माझ्यात नाच संपलेला होता. बाया पडद्यामागे घुंगरं सोडून बसलेल्या. एक जण दुसरीच्या सुजलेल्या तळपायांना तेल चोळून राहिली, अन् मधोमध ती पोस्टरवरचीच पंचफुला ठेचा-भाकर खाते. हसता हसता तिला ठसका लागतो. उरलेली अर्धी भाकर ती गुपचूप पदरात बांधते. हे कोणी सांगून करवलेलं नव्हतं. ती खरीच पार्टीत नाचायची, खरीच उपाशी होती.

"ए मास्तर, पुढे घे! भाकर घरी पाहतो आम्ही!" तंबूत ओरडा झाला. दुसऱ्या खेळाआधी मशीनवाल्या मोरेश्वरनं ब्लेडनं मला कापलं अन् पुढचं-मागचं चिकटवून दिलं. फेकायला मात्र त्याचा हात होईना. मी त्याच्या सौंसरच्या घरी, बिस्किटांच्या डब्यात पडली. बाकीचा सिनेमा घासून घासून भंगारात गेला. ज्याला शिट्ट्या पडल्या ते संपलं, मी उरली.

अन् परवा पंचफुलाच्या गावी, रामाकोन्यात, गडबड उडाली. पंचफुलाच्या नातीला पाहायला पांढुर्ण्याचे पाहुणे येणार, अन् कोणीतरी ते जुनं पोस्टर मोबाईलवर फिरवलं. मोरेश्वरच्या कानावर गेलं, तसा तो डबा काखेत मारून बसनं रामाकोन्याला आला.

पंचफुलाचा मुलगा भूपेंद्र आगपेटी घेऊनच उभा. "आई, पाहुण्यांना सांग, थे मी नव्हती. अन् हे आत्ताच जाळून टाक."

"काहून? चोरी केली का म्या?" पंचफुलानं डबा मांडीखाली दाबून धरला. मी आत श्वास रोखून पडलेली.

पाहुणे आले. मुलाची आई अमिताबाई पोहे खाता खाता हळूच म्हणाल्या, "राग नका मानू मावशी, थ्या पोस्टरवरच्या तुम्हीच का?"

भूपेंद्रनं आईकडे पाहिलं.

"मीच वं बाई. पण तुमच्याकडच्या माणसांनी अर्धाच पाहिला. उरलेला हा घ्या." असं म्हणून तिनं मला खिडकीच्या उन्हात धरलं. नातीनं मोबाईल लावून चित्र मोठं केलं.

अमिताबाई कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "अगं माय, पाय किती सुजले हे!... अन् पदरात काय बांधून राहिल्या?"

"अर्धी भाकर. हा घरी वाट पाहे ना माही." पंचफुलानं मुलाकडे बोट केलं.

भूपेंद्र चहाचा ट्रे ठेवून मोबाईलमध्ये वाकला. नंतर आगपेटी चुलीपाशी ठेवून आला अन् मला खिडकीत टांगायला त्यानं स्वतः खिळा ठोकला.

सोयरीक जुळली का म्हणता? मीही कान लावून आहे. अमिताबाईंचा फोन यायचाय. जुळो न जुळो, पंचफुलानं 'मीच' म्हटलेलं आता कोणाच्यानं कापलं जाणार नाही.

उन्हानं माझा रंग लाल पडत चालला. पडू द्या. याल तर तोंडाचा दुपट्टा सोडून या अन् नीट पाहा. आता कोणी कितीही ओरडलं, "पुढे घे!", तरी मी इथून हलत नाही.