निमघाटचा वेळू

पोळ्याच्या चार-पाच दिवस आधी नदीनं निवृत्तीला निमघाटच्या पायऱ्यांशी आणून सोडलं, आणि निमघाटनं त्याला वेळूनं ढोसून पुढच्या गावाकडं लावून दिलं.

असं काही झालेलं नाही. निमघाटात कुणालाही विचारा. पोलीस पाटील इंद्रभान तर मारुतीच्या देवळात उभा राहून सांगेल, की त्या दिवशी नदीतून फक्त पाणी गेलं. तेव्हा आपणही तसंच धरून चालू आणि निवृत्तीच्या आईची, सोजराबाईची, हकीकत सांगू. तिच्यापाशी एवढंच होतं, की एकुलता एक मुलगा वरच्या बाजाराला गेला होता आणि पूर ओसरला तरी घरी आला नव्हता.

निमघाट हे खडकपूर्णेच्या काठचं कसब्याचं गाव. गावाला घाट, घाटाला मारुती, मारुतीपुढं आठवड्याचा बाजार. खाली आणखी दोन गावं वऱ्हाडची, म्हणजे नागपूरच्या सरकारची, आणि मग पलीकडच्या काठापासून मोगलाई, म्हणजे दुसऱ्या सरकारचा मुलूख. सोजराबाईचा मळा नदीला लागून. वांगी, मिरच्या, पावसाळ्यात थोडी भेंडी.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक अनोळखी प्रेत घाटाला अडकलं होतं. तेव्हा गाव नवशिकं होतं, म्हणून त्यानं खरं ते कळवलं. फौजदार आला, शिपाई आले, राहिले. पंचांना अख्खा उन्हाळा तालुक्याच्या कचेरीत पायऱ्यांवर बसवलं. ते प्रेत कुणाचं होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण फौजदारानं कुणाच्या किती कोंबड्या खाल्ल्या हे गावाला अजून तोंडपाठ आहे. तेव्हापासून ठरलं, की नदीतून येईल ते नदीचं. आलं की पुढं लोटायचं. आणि लोटताना तोंड पाहायचं नाही, कारण ओळखणारा माणूस साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराच्या घरी कोंबड्या उरत नाहीत.

हे काम किसनरावाकडं होतं. डोळे मिटून तो कमरेएवढ्या पाण्यात उतरायचा, वेळूच्या टोकानंच प्रेत चाचपायचा आणि एका दमात धारेला लावून द्यायचा. इंद्रभान सरकारी माणूस म्हणून नदीकडं पाठ करून उभा राहायचा. काम झालं की किसनराव खाकरायचा, मग इंद्रभान वळायचा आणि म्हणायचा, "पाणी लई हाय यंदा."

पोळ्याच्या आदल्या दिवशी सोजराबाई वांग्यांची टोपली घेऊन मारुतीच्या पारापाशी आली, वरच्या बाजारातून कुणी आलंय का ते विचारायला. पारावर किसनरावाची कथा रंगली होती.

"पन यंदाचा गडी न्यारा व्हता," किसनराव सांगत होता. "कमरेले घागरमाळ. वेळू लावला का छन! नवरदेवाचा घोडा धकलून राह्यलो का काय, असं वाटलं मले."

"तुले कसं बे समजलं घागरमाळ हाय म्हनून?" पंजाबराव म्हणाला. त्याचं किराणा दुकान होतं आणि कशाचीही खातरी करून घ्यायची त्याला खोड होती. "डोये तं मिटले व्हते ना?"

"कान तं उघडे व्हते! कानाले कोठी साक्षीले बलावतात का बे?"

पार हसला. सोजराबाईनं टोपली खाली ठेवली. पोळ्यासाठी बैलांच्या गळ्यातली घुंगरांची माळ आणायलाच तिनं निवृत्तीला धाडलं होतं. माळ हातात धरू नको, नदी उतरताना पडंल, कमरेला बांध, हेही तिनंच सांगितलं होतं.

"किसन भाऊजी," ती म्हणाली, "एकपदरी वाजत व्हती का दुपदरी?"

किसनराव तिचा चुलतदीर. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"वयनी..." तो म्हणाला. मग, "दुपदरी."

पारावरचा एकेक जण जोडे शोधायला लागला. इंद्रभान मात्र बसून राहिला, पोलीस पाटलाला उठून जाता येत नाही.

"काकी, घागरमाळा दुनियेत लई हायत," तो हळूच म्हणाला. "आन् मुख्य म्हंजे, प्रेत आलंच नाई."

"मंग माळ कोनाच्या कमरेले व्हती?"

"कोनाच्याच नाई."

"कोनाचीच नाई ती कंबर कोठी गेली, इंद्रभान? मले तेवढं सांग. मले त्याले आग द्यायची हाय."

इंद्रभाननं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. "काकी, तुमी म्हनसान का तो निवृत्तीच, तं मले वर कळवा लागंल. मंग कोनं लोटला? किसनरावानं. कोनाच्या हुकमानं? माह्या. आमी दोघं खडी फोडाले जाऊ, आन् बाकीचं गाव पंच. आन् निवृत्ती तं तवरोक पुढंच गेलेला." त्यानं पटका पुन्हा डोक्यावर ठेवला. "येईन तो. वाट पाहा."

हे सगळं सोजराबाईनं सुनेला सांगितलं. कोकिळा सुलतानपूरची, बोलायला सरळ. चुलीपुढून न उठता ती म्हणाली, "गाव म्हनते प्रेत आलं नाई. मंग म्या बांगड्या काऊन फोडू?" आणि तिनं नवऱ्याच्या वाट्याच्या भाकरी थापल्या.

पोळा झाला. सोजराबाईचे बैल रांगेत सगळ्यात शेवटी, रिकाम्या गळ्यानं उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठाकाठानं खाली निघाली. मागं पावलं वाजली म्हणून तिनं वळून पाहिलं, तर किसनराव खांद्यावर वेळू घेऊन येत होता.

"तुमी काऊन?"

"अडकला असंल कोठी तं वढाले," किसनराव म्हणाला.

त्या वेळूनं आजवर एकही माणूस अलीकडं ओढला नव्हता. पण ती त्याला बरोबर घेऊन चालू लागली.

दुपारी पिंपरखेड आलं. तिथलं लोटायचं काम शेषरावाकडं. तो ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. एकाच धंद्यातल्या त्या दोघांनी रामराम घातला.

"हाव, गेला ना वाजत वाजत!" शेषराव उत्साहानं म्हणाला. "लई गुनाचा मुडदा. कोठी अडला नाई, फिरला नाई. तुमच्या गावचा व्हता? सांगाचं नाई का आधी! दोन फुलं टाकली असती."

"तोंड पाह्यलं का त्याचं?" सोजराबाईनं विचारलं.

"नाई बाप्पा! आमच्या गावात तसली वाईट चाल नाई."

किसनरावाला राहवलं नाही. "तुमी वेळू कोठी लावता?"

"खांद्याले. उजव्या."

"मी कमरेले लावतो. सरळ जाते."

"त्याचा उजवा खांदा दुखत व्हता," सोजराबाई म्हणाली. "आखाडीपासून. तेल लावून देत व्हती मी."

शेषरावाच्या हातातला अडकित्ता थांबला. त्यानं दोघांना पाणी दिलं, गूळ दिला, आणि पुढच्या वाटेला लावायला गावाबाहेरपर्यंत आला. त्याहून जास्त काय करावं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मोहाडी हे वऱ्हाडचं शेवटचं गाव. तिथं नदी रुंद होते, मधे काळा डोह, आणि पलीकडच्या काठावर मोगलाईतली गुरं चरताना दिसतात. तिथले पटवारी भगवंतराव म्हातारे, सभ्य गृहस्थ. त्यांनी सोजराबाईला घोंगडीवर बसवलं आणि सगळं नीट सांगितलं, कारण सांगितलेलं नंतर नाही म्हणता येतं यावर त्यांचा विश्वास होता.

"आमच्यापुढं गाव नाई, बाई. पुढं मोगलाई. आमच्या लोकायनं त्याले त्या काठाले लावला. सकाळी पाहतो तं परत आपल्या काठाले. त्यायनं लोटला. आपन पुन्हा लोटला. त्यायनं पुन्हा. आन् हर बारी ते छन छन. लेकरं जेवेनात. गाई पान्हा चोरू लागल्या."

"मंग?"

"मंग दोनी गावचे मानसं तराफ्यावर बसून मधोमध भेटले. आमचे दोघं, त्यायचे दोघं. ठरलं का कोनाकडंच नको. जातं बांधलं अन् डोहात सोडला." भगवंतरावांनी घसा साफ केला. "जात्याची वरची तळी आमची, खालची त्यायची. भांडन नको म्हनून."

वऱ्हाड आणि मोगलाई यांचं एवढं एकमत त्याआधी कधी झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"कवा?" सोजराबाईनं विचारलं.

"काल. बैल पुजून झाल्यावर."

ती उठली आणि पाण्यापाशी गेली. तिनं सांगायच्या आधीच किसनराव छातीएवढ्या पाण्यात शिरला होता. या वेळी त्याचे डोळे सताड उघडे होते. त्यानं वेळू उभा खाली घातला. हात गेला, खांदा गेला, हनुवटी पाण्याला टेकली. तळ लागला नाही. तो आणखी एक पाऊल पुढं सरकला तेव्हा सोजराबाईनंच त्याला सदऱ्याला धरून मागं खेचलं.

"या भाऊजी माघारी," ती म्हणाली. "तुमाले कोन वढीन?"

किसनराव काठावर बसून लहान पोरासारखा रडला. सोजराबाई भगवंतरावांकडं वळली.

"पानबुडे लावून काढता येईन?"

"डोह मधात हाय, बाई. अर्धा आमचा, अर्धा त्यायचा. दोनी सरकारचा हुकूम पाह्यजे. आन् हुकूम मागाले गेलं का ते पुसतीन, काय काढाचं हाय? मंग आमाले सांगा लागंल का काईच नाई."

"अर्ज तं लेहा."

"कशाचा लेहू? प्रेत आलंच नाई तं..."

"प्रेताचा नोका लेहू. नदीचा लेहा. नदी तं हाय ना?"

भगवंतरावांनी नदीकडं पाहिलं. तिच्यात आपल्याला अडचणीत आणणारं काही आहे का, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला. "नदी हाय," ते शेवटी म्हणाले आणि दौत-टाक घेऊन बसले. सोजराबाई सांगत गेली, ते आपल्या कचेरीच्या भाषेत उतरवत गेले.

"मेहेरबान जिल्ह्याचे साहेब बहादूर, मुक्काम वऱ्हाड, व मेहेरबान साहेब, मुक्काम मोगलाई, उभयतांचे सेवेशी. अर्जदार सोजराबाई, राहणार निमघाट, धंदा भाजीपाला, सविनय अर्ज करिते ऐसा जे, मौजे मोहाडीच्या डोहात अर्जदाराचे थोडे काम राहिले आहे. कामाचा तपशील पुसू नये, सांगितल्यास चार गावांस त्रास पोचेल. करिता उभय सरकारांनी खडकपूर्णा नदीस हुकूम फर्मावून तिचे पाणी वरच्या अंगास एक दिवस थांबवावे व डोह कोरडा करून द्यावा. लाकडे अर्जदार स्वतः आणील. दिवस सरकारचे सोयीचा असावा, मात्र बाजाराचा नसावा. सदर दिवशी अर्जदाराची सून हजर राहील, तिला तोंड पाहू द्यावे. सरण थंड झाल्यावर नदी पूर्ववत सोडण्यास अर्जदाराची काही हरकत राहणार नाही. हुकूम झाल्यास आगाऊ कळवावे, निमघाटाहून चालत येण्यास वेळ लागतो."