देवाआधीचा थेंब

लोणी मंद आचेवर बदामी होऊ लागतं, तेव्हा त्या गंधात मला आजही रने साहेबांचा उजवा हात दिसतो: भाजल्याच्या जुन्या डागांचा, चिमटीत लाकडी चमचा धरलेला. पातेल्यावर ते असे ओणवत की आतलं काही ऐकत असावेत.

आकुर्डीच्या एका कारखान्याने परदेशी इंजिनिअरांसाठी अतिथिगृह बांधलं आणि फ्रान्समधल्या नदीकाठच्या खाणावळीत आईच्या हाताखाली घडलेल्या या माणसाला तिथे आणलं. धीमी आच, दिवसभर उकळणारा हाडांचा अर्क आणि घडोघडी जिभेवर एक थेंब, हे त्यांचं शास्त्र. पुढे या पट्ट्यातल्या कितीतरी साहेबी स्वयंपाकघरांत त्यांचेच शिष्य उभे राहिले. मीही त्यांतलीच, हे लिहिताना आजही दातओठ खाते.

मी चिंचवडची. नैवेद्याआधी चाखायचं नाही, या शिस्तीत माझा हात तयार झालेला. मीठ माझ्या बोटांना कळायचं. पहिल्याच दिवशी मी तिथल्या नोकरमाणसांसाठी आमटी केली. साहेबांनी मोडक्या हिंदीत विचारलं, “चखा?” मी नाही म्हणाले. त्यांनी सगळ्यांदेखत पातेलं मोरीत पालथं केलं. “जो चखता नहीं, वो पकाता नहीं.” मोरीतून आमटीची वाफ वर येत राहिली, आणि मी मनाशी खूणगाठ बांधली, इथे कधीच चाखायचं नाही.

सात हिवाळे ती सुटू दिली नाही. त्यांची सारी विद्या घेतली, एकदाही न चाखता; चाखत ते, मी बोटांनीच जोखायची. सॉस पूर्ण आटल्यावरच मीठ, आधी कधीच नाही, हा त्यांचा नियम मला तोंडपाठ होता.

मग पौषातली ती धुकट सकाळ आली. परदेशातून मोठे साहेब जेवायला यायचे होते आणि रने साहेबांना ठेवायचं की नाही, ते त्या जेवणावर ठरणार होतं. वाढपी बबनराव हळूच म्हणाले, “बाई, सायबाचं नाक चोंदलंय. चव बी कळत न्हाई.” मी पाहिलं: घाईत त्यांनी सॉस चढवतानाच मीठ घातलं, आणि आटल्यावर, हाताच्या सवयीने, पुन्हा एकदा. नंतर चमचा माझ्यापुढे धरला. त्या करड्या डोळ्यांत प्रथमच याचना होती.

“चखो, बाई.”

“नैवेद्याआधी आम्ही चाखत नाही, साहेब.”

दुपारी भरल्या ताटल्या तशाच परत आल्या. साहेबांनी सॉसमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं, त्यांना काहीच कळलं नाही. मग पातेलं उचलून त्यांनी स्वतःच त्याच मोरीत रिकामं केलं. महिन्याभरात ते मायदेशी गेले. मला आनंद झाला, अजूनही होतो, तो मी लपवत नाही.

फक्त त्या दिवसापासून माझ्या बोटांना मीठ कळेनासं झालं. आता स्वयंपाक करताना मी दार लोटून घेते आणि चोरून एक थेंब जिभेवर ठेवते. इतकी वर्षं गेली, राग काही आटला नाही. पण ज्याला मी तिथून घालवलं, तो माणूस रोज माझ्या घरी येतो आणि देवाच्याही आधी चाखून जातो.