डावीकडची गिटार

मेकॅनिकचा डावा कान गेला तो दात घासता घासता. पाणी शिरलं असेल म्हणून त्याने एका पायावर उड्या मारल्या, मान वाकडी करून कानशिलावर थापा मारल्या, पण आत एक बारीक शिट्टी तेवढी उरली. मग डॉक्टर, गोळ्या, कानात इंजेक्शनं. महिनाभराने डॉक्टर म्हणाले, "आता एका कानावर भागवायची सवय करा."

सांगणाऱ्याचं काय जातं! याचं उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेलं. एकच कान असला की आवाज येतोय एवढं कळतं, कुठून येतोय ते कळत नाही. जोडीदार वरून ओरडला, "हात काढ!" आणि हा खाली बघत राहिला. हात थोडक्यात वाचला. पण साहेबांनी त्याला उचलून तक्रारींच्या टेबलावर बसवलं. दिवसभर फोन. लिफ्ट अडकली, दार लागत नाही, दिवा गेला. ऐकून घ्यायचं आणि दुसऱ्याला धाडायचं. टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलायचा. शेजारचा कारकून वैतागून म्हणाला, "अरे, भूकंप झाल्यासारखं वाटतं मला."

गाण्यांचा एक आधार होता. ज्या वयात लोक गुडघ्यांबद्दल बोलायला लागतात, त्या वयात या गड्याला पंक रॉकचं, त्या धडधडाटी विलायती संगीताचं, वेड लागलं होतं. गेल्या वर्षभरात पाच-सहा अल्बम त्याच्या अगदी गळ्यातले ताईत झाले होते. एक अर्ध्या तासात संपणारा, दम लागल्यासारखा. एक काळोखा, संथ, त्यात बेस गिटार पुढे आणि गाणारा मागे कुठेतरी. पण सगळ्यात लाडका तो, ज्याच्या कव्हरवर उलटी पडलेली खुर्ची होती. त्यात दोन गिटारी, एक डाव्या कानात, एक उजव्या कानात, सख्ख्या जावांसारख्या भांडायच्या.

आता तो अल्बम लावला की उजवी गिटार टोमणा मारायची आणि थांबायची. समोरून उत्तरच नाही. कुणीतरी त्याला फोनमधली सोय दाखवली, दोन्ही बाजू एकाच कानात घालायची. ते करून पाहिलं तर दोघींना एकाच पोत्यात कोंबल्यासारखं झालं. मग त्याने इयरफोनची डावी गोळी उजव्या कानात घातली. आता दुसरीच एकटी बडबडत होती. गाणं एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. हा बसला, उठला, गॅलरीत गेला, परत आला, वायरीचा गुंता झाला.

बायको मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. "अहो, एका जागी बसा बघू! तुमच्या फेऱ्यांनी माझी टीप वाकडी जातेय."

"डावीकडचं ऐकू येत नाही गं मला."

"ते मला कधीचं माहीत आहे."

"तसं नाही. इकडे ये. डावीकडे काय चाललंय ते मला सांग."

या संगीताला ती 'पत्र्यावरचे दगड' म्हणायची. तरी कात्री ठेवून ती उठली. डावीकडून बोललेलं त्याला कळणार नव्हतं, म्हणून त्याच्या उजवीकडे स्टूल ओढून बसली. उजवी गोळी त्याच्या चांगल्या कानात, डावी तिच्या कानात. तिचं बोलणं त्याला ऐकू यावं म्हणून आवाज बेताचा ठेवला.

"हं, काय ऐकू येतंय?"

"खरखर."

"अगं, कसली खरखर?"

तिने डोळे मिटले. "कुणीतरी धावदोरा घालतंय. घाईघाईत. आता टाका सुटला... नाही, मुद्दाम उसवतेय ती. परत जोडला. आता गप्प."

"गप्प?"

"हो. पण गेलेली नाही. थांबलीय. तुमच्या कानातल्या त्या दुसरीचं संपायची वाट बघतेय."

मेकॅनिक बघतच राहिला. दोन्ही कान शाबूत असताना शंभरदा ऐकलं असेल, पण डावी थांबून ऐकते हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिसरं गाणं सुरू झालं, चांगलंच धावतं. बायकोचं बोलणं बंद पडलं. मशीन चालवावी तसा तिचा पाय स्टुलाखाली चालू लागला.

"आता? आता काय करतेय?"

तिचा पाय आणखी जोरात चालला.

"अगं, सांग ना!"

"थांबा हो जरा! ऐकू द्या की!"

कान काही परत आला नाही. लिफ्टच्या विहिरीत उतरणंही कायमचं सुटलं. साहेबांशी दोनदा वाजल्यावर त्याला खालच्या वर्कशॉपमध्ये लिफ्टच्या मोटारी उघडायचं काम मिळालं. निदान हाताला ग्रीस लागू लागलं. पाय मात्र अजून हलतोच.

आणि घरात नवीनच कटकट उभी राहिली आहे. बायकोला आता मतं आहेत. उलट्या खुर्चीचा अल्बम ठीक आहे म्हणते, शेवटची दोन गाणी उगाच. काळोख्या अल्बमच्या गायकाबद्दल म्हणाली, "याला कुणी जेवलास का म्हणून विचारत नसणार." मेकॅनिकला हे मुळीच पटत नाही. तो तावातावाने भांडतो. ती तेवढ्यात आपणहून डावी गोळी कानात घालते, आणि तिकडे काय चाललंय ते त्याला मनाला येईल तेवढंच सांगते.