मंतशाची फळी

मी एक जुनी सागवानी फळी आहे. त्याआधी मी दार होते. उमेदीचे दिवस लोकांना अडवण्यात गेले. खडकीतलं ते घर पाडलं, तेव्हा करीम सुताराने मला उचललं, कापलं आणि मधोमध बिजागऱ्या ठोकून माझी घडी केली. त्याच्या लेकीला, मंतशाला, चालता येत नाही. मला पायऱ्यांवर टेकवायचं आणि माझ्यावरून तिची चाकाची खुर्ची वर ढकलायची, हे माझं नवं काम.

मित्रांनो, ते दिवस मजेचे होते. कात्रजचं सर्पोद्यान, वारजेच्या मावशीचं घर, मी सगळीकडे गेले. मावशी म्हणायची, "या! पाहुण्यांआधी फळीबाई हजर!"

मग मावशीच्या मुलाचं लग्न निघालं. करीमला वाटलं, चारचौघांत हिला अशी खरखरीत कशी न्यायची? सुतार ना तो! आदल्या दिवशी त्याने मला घासून पॉलिशचे दोन हात दिले. मी आरशासारखी चमकले. खरं सांगते, मलाही बरं वाटलं.

कार्यालयाच्या पायऱ्यांवर माझ्यावरून चाक घसरलं. खुर्ची उलटली आणि मंतशाचा हात मोडला.

हात जुळून आला. खुर्ची उलटल्याचा आवाज मात्र घरात येऊन राहिला. नुसती ताटली पडली तरी करीम भरल्या ताटावरून उठतो आणि मंतशा खुर्चीत आहे ना, ते बघून येतो. मला त्याने दाराआड उभं केलं आणि मयतावर घालावी तशी चादर घातली. कामावर जाताना तो रोज चादरीपाशी थांबतो. हात पुढे करतो, मागे घेतो. पलीकडून मला त्याचा श्वास ऐकू येतो.

मुरूडचा समुद्र दर सुट्टीत ठरला आणि दर सुट्टीत मोडला. कधी उन्हाचं निमित्त, कधी रस्त्याचं. माझं नाव कुणी काढलं नाही.

या दिवाळीत मंतशानेच लॉजला फोन लावला.

"काका, पायऱ्या आहेत का?"

"छे हो! दोनच आहेत."

"म्हणजे आहेत. बाथरूमचं दार किती रुंद आहे? मोजून सांगा, मी थांबते."

खोली ठरवूनच तिने फोन ठेवला. करीम म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू, बेटा."

"अब्बू, मी एकदाच पडले. तुम्ही मला रोज पडताना बघता."

"मंतशा!" तिची आई रशीदा ओरडली.

"बोलू दे तिला," करीम म्हणाला.

मग त्याने चादर काढली आणि काचकागद घेऊन बसला. माझी सगळी चकाकी भुसा होऊन फरशीवर सांडली. करवतीने त्याने माझ्या अंगावर आडव्या बारीक खाचा पाडल्या. मग मला पायरीला टेकवलं आणि मंतशा माझ्यावरून चढली, उतरली, पुन्हा चढली. तो मागून खुर्ची धरून होता, डोळे गच्च मिटून.

उद्या निघायचं आहे. मी पुन्हा दगा देणार नाही, असं वचन कसं देऊ? लाकूड आहे मी. पण मित्रांनो, माझ्यासारखीला जपायचं तर चमकवू नका आणि झाकूनही ठेवू नका. निघण्याआधी हात फिरवून बघा, चाक धरेन ना मी. आणि भीती वाटते म्हणून घरी थांबू नका. आमच्या गाडीत तीही येणार आहे. फक्त पुढची सीट मंतशाची आहे.