फायवेल ब्रॉयडोंचा निकाल

माझे वडील फायवेल ब्रॉयडो मजूर पक्षातर्फे मँचेस्टरच्या नगरपालिकेवर निवडून आले, त्या संध्याकाळी लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन स्ट्रेंजवेजच्या गल्ल्यांतून फिरवलं. घरी आल्यावर त्यांनी टोपी काढली, खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "फ्रूमा, बीटचं सार उरलंय का?"

उरलं होतं. त्यांनी ते गारच खाल्लं आणि झोपायला गेले.

झारच्या सैन्यात भरती व्हायला नको म्हणून अठराव्या वर्षी ते लिथुआनियातून पळून आले. बोटीतून उतरले तेव्हा अंगाला मेंढरांचा वास येत होता, असं झ्लाटा मावशी सांगायची. मावशी आमच्या नात्यातली नव्हे. खारवलेले मासे आणि काकड्या विकणारी बाई. तिनं त्यांना माडीवरची खोली दिली आणि पहिली नोकरी लागेपर्यंत जेवायला घातलं. पुढे तिचा नवरा गेला, माझी आई गेली. मी बारा वर्षांची होते. तेव्हापासून माझी वेणी मावशीच घालायची.

बाबा रेनकोटच्या कारखान्यात शिवणीवर रबराचा रस बोटानं फासायचं काम करायचे. त्या रसाच्या वासानं माणसं आधी दारू प्यायल्यासारखी हसायची, मग कोपऱ्यात जाऊन ओकायची. मालक खिडक्या उघडू देत नसे. धूळ येते म्हणे. एका हिवाळ्यात बाबा रस्त्यात मावशीच्या माशांच्या पिंपावर चढले आणि बोलायला लागले. आधी यिद्दिशमध्ये, म्हणजे आम्हा ज्यू लोकांच्या घरच्या भाषेत, मग इंग्रज कामगार जमले म्हणून इंग्रजीत.

"फायवेल, तुझं इंग्रजी ऐकून पोलीससुद्धा संपावर जातील रे!" खालून कोणीतरी ओरडलं.

"जाऊ देत," बाबा म्हणाले. "त्यांच्याही खिडक्या उघडून घेऊ."

संप बरेच दिवस चालला. शेवटी खिडक्या उघडल्या. बाबा युनियनचे सेक्रेटरी झाले, मग पक्षात गेले.

मावशीचा मुलगा योयने माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पिंपं उचलायची, गाडा ओढायचा, दुकान उघडायचं, सगळं तोच करी. मावशीचे गुडघे सुजलेले असत. आमचं दोघांचं ठरल्यासारखं होतं. कोणी तसं बोललं नव्हतं, पण मावशी उशांचे अभ्रे शिवायला लागली होती आणि कोणासाठी ते मी विचारत नव्हते.

मग युद्ध आलं आणि भरती सक्तीची झाली. ज्यांना घरच्या अडचणीमुळे सूट हवी असेल त्यांचे अर्ज ऐकायला टाऊन हॉलमध्ये एक समिती बसायची. कामगारांचा एक माणूस पाहिजे म्हणून बाबांना तिच्यावर घेतलं. अध्यक्ष एंटविसलसाहेब कापसाचे व्यापारी, बाकी तिघे त्यांच्याच बैठकीतले. बाबा रोज कोणाकोणासाठी भांडायचे आणि बहुतेक वेळा हरायचे.

योयनेची पाळी आली त्या दिवशी मी आणि मावशी मागच्या बाकावर बसलो होतो. तिनं सणाची शाल घेतली होती.

एंटविसलसाहेबांनी अर्ज वाचला आणि हसून बाबांकडे वळले. "ब्रॉयडो, हा तुमच्या गल्लीतला ना? विधवेचा एकुलता एक. तुम्ही म्हणाल तसं करू."

बाबा म्हणाले, "मागच्या आठवड्यात ग्रिमशॉबाईंचा मुलगा आला होता. घोडागाडीवाला. तोही एकुलता एक, तीही विधवा. मी सूट द्या म्हटलं. तुम्ही चौघांनी नाही म्हटलं."

"ते वेगळं."

"वेगळं काय?"

"अहो, तुम्ही इतके दिवस आमच्याबरोबर बसता. एवढं तुमच्यासाठी करतोय, तर घ्या की!"

बाबा टेबलाकडे पाहत राहिले. "त्या गाडीवाल्याला सूट द्या. मग ह्याला द्या."

"त्याचा निकाल लागला. छावणीत गेलासुद्धा तो."

"मग हाही जाऊ दे," बाबा म्हणाले.

एंटविसलसाहेबांनी दोनदा विचारलं. बाबांनी दोन्ही वेळा तेच सांगितलं. योयने उभाच होता. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "ठीक आहे, काका," म्हणाला आणि टोपी घातली.

घरी परत येताना मावशी माझा हात धरून चालली. बाबा मागून आले. दारात ती थांबली.

"फायवेल, त्या गाडीवाल्याच्या आईला तू ओळखतोस?"

"नाही."

"तिनं तुला कधी जेवायला वाढलंय?"

"नाही, झ्लाटा."

"तू झारच्या सैन्यातून पळालास, तेव्हा तुझ्या जागी कोण गेला ते विचारलं होतंस?"

ती आत गेली. मला बाबांचा राग येईल असं वाटलं. मी वाट पाहिली. आला नाही. त्यांच्या दुसऱ्या दिवसाच्या शर्टला इस्त्री करायची राहिली होती, ती केली.

योयने पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या चिखलात मेला. बातमी घेऊन पोस्टाची मुलगी आली तेव्हा मावशी काकड्या मिठात घालत होती. तिनं पिंप पूर्ण भरलं, झाकण लावलं, मग हात धुतले.

सुतकाचे सात दिवस ती बुटक्या स्टुलावर बसली. आमच्यात भेटायला आलेल्यानं आधी बोलायचं नसतं. घरचं माणूस बोललं की मग आपण बोलायचं. बाबा रोज आले. समोर बसले. मावशी इतरांशी थोडंफार बोलायची, पण ते आले की गप्प व्हायची. त्यामुळे त्यांनाही बोलता आलं नाही. सातव्या दिवशी ते नेहमीइतका वेळ बसून उठले आणि युनियनच्या कचेरीत गेले. मी मावशीपाशीच होते. मी रडले नाही. लोक म्हणाले, पोरगी धीराची आहे.

युद्ध संपल्यावर निवडणुका लागल्या. पक्षाचे प्रचारप्रमुख क्लेग बाबांना म्हणाले, "ती सुनावणीची गोष्ट सांगा हो. मालधक्क्याकडच्या गाडीवाल्यांची सगळी मतं येतील."

"नको," बाबा म्हणाले.

मालधक्क्याजवळच्या सभेत क्लेगनी ती स्वतःच सांगितली. हा परदेशातून आलेला ज्यू, ह्यानं आपल्या घरच्यासारख्या पोराला सूट घेतली नाही, कारण तुमच्या पोराला मिळाली नव्हती! लोक उभे राहिले, टोप्या हवेत उडाल्या. बाबा व्यासपीठावर बसून बाहीवरचा दोरा काढत होते. दोरा निघाला, तरी ते काढतच होते.

सभा संपल्यावर एक म्हातारी पुढे आली आणि तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. "मी ग्रिमशॉ. तुम्ही माझ्या पोराची आठवण ठेवलीत."

"कसा आहे?"

"विषारी वायूनं छाती गेली. खोकतो. पण आहे."

"हो," बाबा म्हणाले. त्यांनी आणखी काही तरी बोलावं म्हणून ती थांबली होती. ते तिच्या हातांकडे पाहत राहिले. मी त्यांना बाहेर घेऊन आले.

मतदान झाल्यावर मी मावशीकडे गेले. नवऱ्यानं नागरिकत्वाचे कागद करून ठेवल्यामुळे तिला मत होतं. मी विचारलं, "कोणाला दिलंस?"

"तुझ्या बापाला."

मी तिच्याकडे पाहिलं.

"मग कोणाला देऊ? दुसरा मालकांचा होता," ती म्हणाली. "बाजूला हो, उजेड अडवतेस."

बाबांशी ती पुन्हा बोलली नाही. मासे द्यायची, पण कागदात गुंडाळून माझ्या हातात.

पुढे बाबा तीनदा निवडून आले. शाळेतल्या मुलांना दूध, गल्ल्यांत दिवे, ओल आलेल्या घरांना नवी छपरं, यातलं पुष्कळ त्यांनी केलं. त्यांच्याबद्दल कोणी वाईट बोललेलं मी ऐकलं नाही. मी कचेरीत त्यांची कागदपत्रं पाहायची आणि घरी स्वयंपाक करायची. लग्नासाठी एक-दोन जण विचारून गेले. मी नाही म्हटलं, आणि बाबांनी का ते विचारलं नाही.

गल्लीजवळ सार्वजनिक न्हाणीघर झालं, त्याच्या उद्घाटनाला त्यांनाच बोलावलं होतं. नव्या फरश्या, पितळेचे नळ. छोटंसं भाषण करून त्यांनी गरम पाण्याचा नळ सोडला आणि खाली हात धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाफ वर येत होती, तरी ते हात धरूनच उभे होते. शेवटी मी पुढे जाऊन नळ बंद केला. हाताची कातडी लाल झाली होती.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"गरम होतं का?" ते म्हणाले.

घरी मी मलम लावून पट्टी बांधली. त्यांनी डाव्या हातानं चहा घेतला. सकाळी छपरांच्या कामाची बैठक होती. मी त्यांच्या कोटाची बाही पट्टीवरून चढवली, बटणं लावली, आणि ते गेले.