रेघ तेवढी राहिली

बोक्याने मला पडणारी अक्षरं दिली. बोका म्हणजे माझा कॉलेजातला मित्र, सध्या एका संग्रहालयाच्या प्रदर्शनाचं काम बघतो. एकेकाळी लोकांना सळो की पळो करून सोडणारे कॉम्प्युटरचे जुने व्हायरस, आणि प्रत्येकावर एकेका चित्रकाराने काढलेलं चित्र, असं ते प्रदर्शन. कुणाला प्रेमपत्राचं सोंग घेऊन येणारा मिळाला. कुणाला पडद्याच्या तळातून रुग्णवाहिका पळवणारा मिळाला. तो माझ्या वाट्याला आला नाही ते बरंच, कारण खरी रुग्णवाहिका आमच्या दारात नुकतीच येऊन गेली होती. मला मिळाला कॅस्केड. तो लागला की पडद्यावरच्या मजकुरातली अक्षरं सुटून खाली पडायची आणि तळाशी त्यांचा ढीग व्हायचा.

"जमेल ना तुला? आईचं एवढं चालू आहे," बोका म्हणाला.

"न जमायला काय झालं? माझे हात चालतायत."

हे मी धीर दाखवायला बोलले नव्हते. आईला पक्षाघाताचा झटका आल्यापासून मला खरोखर काही वाटेनासं झालं होतं. जेवत होते, झोपत होते, दवाखान्यात जाऊन बसत होते. कुणी 'कशी आहेस' विचारलं की 'बरी आहे' म्हणत होते, आणि ते खोटंही नव्हतं. ताई मात्र रडून रडून अर्धी झाली होती. माझा कोरडा चेहरा बघून तिचं पित्त खवळायचं.

"तुला काही वाटतं की नाही गं?" तिने एकदा दवाखान्याच्या जिन्यात विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"झालं. आता घरात दोघी झाल्या."

कारण आईकडे तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवंय का? नाही. नकोय का? नाही. मी कोण आहे? नाही. आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला लिहायला शिकवलेली बाई, बोलायला लागली की गाडी थांबायची नाही, आणि आता प्रत्येक गोष्टीला 'नाही'. उजवा हातही गेला होता. बोलणं सुधारायला येणाऱ्या बाईंनी तिच्या डाव्या हातात मार्कर दिला आणि मांडीवर छोटासा पांढरा फळा ठेवला. आईने आडव्या रेघा मारल्या. बाईंनी पुसल्या, पुन्हा फळा दिला. पुन्हा रेघाच.

"नुसत्या गिरगोट्या काढतात," बाई म्हणाल्या. "मनाला लावून घेऊ नका, होतं असं."

त्याच संध्याकाळी ताईने विषय काढला. गावाबाहेर एक शुश्रूषा केंद्र होतं. स्वच्छ होतं, नर्स होत्या, खिडकीबाहेर झाडंही होती. सोमवारी दवाखान्यातून सोडणार, ते सरळ तिकडेच न्यायचं.

"तिला आता घर काय आणि केंद्र काय," ताई म्हणाली. "तिला कळतच नाहीये. उगाच घरी नेऊन तिचे हाल, आपलेही. तू बोल ना काहीतरी."

"तुला पटेल ते कर," मी म्हणाले. भांडायला अंगात काहीतरी लागतं, ते माझ्याकडे नव्हतं.

शुक्रवारी बोक्याला कच्चं चित्र दाखवलं. काळा पडदा, हिरवी इंग्रजी अक्षरं, अर्धी वर, अर्धी घरंगळत, तळाशी ढिगारा. तो चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत बसला.

"काम चोख आहे. पण मन लावलेलं नाहीस."

"मन लावायचे वेगळे पैसे देतोस का?"

"ऐक तर. ही इंग्रजी अक्षरं काय, एकेकटी उभी असतात, ढकललं की पडली. आपली पाडून बघ की. आपली लोंबकळतात."

घरी येऊन टेबलाशी बसले आणि मराठी मजकूर लिहिला. मग अक्षरं एकेक करून खोडली आणि तळाशी नेऊन टाकली. क पडला, म पडला. काने, वेलांट्या, मात्रा गळाल्या. ढीग छान झाला, पण वर शिरोरेघा तशाच राहिल्या. त्या कुठे पाडायच्या ते मला सुचेना. एक लांब, एक आखूड, मध्ये जागा, पुन्हा एक लांब. कपडे काढून घेतलेल्या रिकाम्या दोऱ्यांसारख्या.

दोरी हा आईचा शब्द. बाकीच्या शाळा आधी अक्षरं लिहायला लावायच्या आणि मग वर रेघ. आई उलट शिकवायची. "दोरी बांधल्याशिवाय कपडे वाळत घालता का रे? आधी पूर्ण शब्द मनात म्हणायचा, तो मावेल एवढी दोरी बांधायची, मग एकेक अक्षर टांगायचं." मुख्याध्यापक वैतागायचे, पण तिने शेवटपर्यंत ऐकलं नाही. आम्ही दोघी तिच्याच हाताखाली शिकलो. ताईने पुढे ते सोडलं. मी अजूनही तसंच लिहिते.

मी कागदाकडे बघत राहिले. मग चप्पल घातली आणि दवाखाना गाठला.

आई उशीला टेकून बसली होती. मी फळा तिच्या मांडीवर ठेवला आणि हातात मार्कर दिला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने रेघ मारली. हात उचलला. पहिलीएवढीच दुसरी रेघ मारली. पुन्हा हात उचलला आणि शेवटी एक इवलीशी मारली. मग खाली मार्कर टेकवून थांबली. बोटं हलत होती, पण पुढे काही येत नव्हतं.

मी दुसरा मार्कर घेतला आणि पहिल्या रेघेखाली 'मला' लिहिलं.

ती काही बोलली नाही. झटका आल्यापासून पहिल्यांदा ती 'नाही' म्हणाली नव्हती.

दुसऱ्या रेघेखाली 'पाणी' लिहिलं.

"नाही."

पुसून 'चहा' लिहिलं.

"नाही."

'भूक'. नाही. 'झोप'. नाही. मी 'घरी' लिहिलं.

आई गप्प. पलीकडच्या खाटेवरची बाई खोकत होती, तेवढाच आवाज. इवल्याशा रेघेखाली मी 'ने' लिहिलं. आईने मार्कर बाजूला ठेवला, वर्गात तास संपला की खडू ठेवायची तसा, आणि मान मागे टाकून डोळे मिटले.

बाहेर येऊन ताईला फोन लावला. मला वाटलं होतं मी नीट सांगेन, पण वाक्यं तुटत होती. मी रडत होते, व्हरांड्यात सगळ्यांसमोर.

"अगं, नुसत्या रेघा आहेत त्या," ताई सगळं ऐकून म्हणाली. "तुला हवं ते तू वाचलंस. 'मला घरी नको' असंही असेल."

"नाही."

"कशावरून?"

"शेवटची रेघ बारकी होती, ताई. 'नको' मावलं नसतं."

तिलाही दोरी आठवत असणार.

"पलंग कुठल्या खोलीत लावायचा?" मग तिने विचारलं.